सांधा खालच्या अंगाला

आबा,

परवा सकाळी मी आईची बाज खाली काढली. ती गेल्यापासून बाज माळ्यावर उलटी पडून होती. सुंभ कुजलं होतं, मधला भाग उंदरांनी खाल्ला होता. चौकट अंगणात आणली, जुनं सुंभ विळ्यानं कापून काढलं, लाकूड राखेनं घासून उन्हाला लावलं आणि कशेळ्याच्या बाजारातून आणलेलं नवं सुंभ भिजवून विणायला बसलो. बायको परसातून आली आणि म्हणाली, “कुणासाठी वो?” मी म्हटलं, “दुसरं टोक धर.” तिनं धरलं. पुन्हा विचारलं नाही. आपल्या घरात एकदा विचारून उत्तर आलं नाही तर दुसऱ्यांदा विचारत नाहीत. ही रीत तुमची. ती लग्न होऊन आली तेव्हा तिला ही रीत फार जड गेली, आता तीही तशीच झाली आहे.

विणायला बसलं की तुम्ही आठवताच. सुंभाची एक गुंडी संपली की दुसरी जोडायची आणि तो सांधा खालच्या अंगाला घ्यायचा, वर येऊ द्यायचा नाही, हे तुम्ही मला याच अंगणात शिकवलंत. माझा पहिला सांधा वर आला होता. मला वाटलं चालून जाईल. तुम्ही त्यावरून अंगठा फिरवलात आणि विणलेलं सगळं उसवायला लावलंत. “बाजंवर माणूस निजतो रं. त्याला सांधा कशाला कळायला पायजे?” एवढंच बोललात आणि गोठ्याकडे निघून गेलात.

आता मी पन्नाशीला टेकलो आहे. तुम्हाला जाऊन विसाहून जास्त पावसाळे झाले. इतकी वर्षं एकच गोष्ट माझ्या डोक्यात आहे आणि ती काय ते तुम्हाला पक्कं ठाऊक होतं, असा माझा संशय आहे. मला दोन आया. त्यातल्या कुणी मला जन्म दिला ते मला माहीत नाही. तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही सांगितलं नाही.

गावाला जेवढं माहीत होतं तेवढंच मलाही माहीत आहे. थोरलीला बरीच वर्षं मूल झालं नाही, तेव्हा तिनं स्वतः खालापूरला माहेरी जाऊन आपली चुलतबहीण तुमच्यासाठी मागून आणली. मग एकाच पावसाळ्यात दोघींना दिवस राहिले. एकाच दिवशी दोघी बाळंत झाल्या, एकाच खोलीत, एकाच सुइणीच्या हातून. एक पोर जगलं, एक गेलं. गेलेल्याला तुम्ही शेताच्या बांधावर जांभळीखाली पुरलंत. तिन्हीसांजेला बायका बघायला आल्या तेव्हा दोघी शेजारी शेजारी निजल्या होत्या, मधे मी होतो आणि दोघीही मला पाजत होत्या. जगलेलं कुणाचं, गेलेलं कुणाचं, हे तुम्ही, त्या दोघी आणि सुईण अशा चौघांनाच ठाऊक. चौघांनीही तोंडं मिटून घेतलीत. मी बोलायला लागलो तेव्हा थोरलीला आई म्हणायचं आणि धाकटीला बाय म्हणायचं, असं मला शिकवलं गेलं. हे कुणी ठरवलं? तुम्हीच ठरवलं असेल तर कशावरून? यातही मी किती वर्षं खूण शोधली आहे.

श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी लागायची. लावण्या उरकलेल्या असायच्या, माणसं दुपारची मोकळी असायची. ओव्या वाचायचे तुमचे चुलतभाऊ, म्हणजे काका, आणि अर्थ सांगायचात तुम्ही. काकांचा आवाज थेट पारापर्यंत ऐकू जायचा आणि त्याचा त्यांना मोठा अभिमान. पण लोक घोंगड्या घेऊन यायचे ते तुमच्या अर्थासाठी, आणि हे काकांना कळायचं. एक ओवी वाचून ते थांबायचे, तुम्ही मान खाली घालून थोडा वेळ बसायचात आणि मग असं सांगायचात जणू शेजारच्या वाडीत काल काय घडलं ते सांगताय. तुमचं तुमच्या भावाशी पटत नव्हतं असं नाही. पण पोथीपुढे बसलात की दोघांच्या मधे काहीतरी ताणलेलं असायचं.

जरासंधाच्या जन्माचा अध्याय आला की तुम्ही घरून गूळखोबरं घेऊन जायचात. कृष्णजन्माला सुंठवडा असतो, रामजन्माला असतो, पण जरासंधाच्या जन्माला गूळ वाटलेला मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. काका दरवर्षी टोमणा मारायचेच. “राक्षसाच्या जन्माला गूळ वाटणारा पंचक्रोशीत तू एकटाच बाबा.” आणि तुम्ही म्हणायचात, “जन्मला तवा तो राक्षस नव्हता. पोर व्हतं.” मग बायकांच्या बाजूला हसू व्हायचं आणि काका चष्मा पुसायला घ्यायचे.

त्या अध्यायाचा तुमचा अर्थ मला अजून तोंडपाठ आहे. मगधाचा राजा, त्याच्या दोन राण्या, दोघी जुळ्या बहिणी. लग्नाच्या वेळी राजानं शब्द दिलेला की एकीला झुकतं माप देणार नाही. मूल होईना म्हणून ऋषीकडे गेला, ऋषीनं एकच आंबा दिला. दुसरा कुणी असता तर त्यानं लाडकीला दिला असता, पण याचा शब्द गेलेला. आंबा चिरला आणि अर्धा अर्धा दोघींना दिला. म्हणून दोघींच्या पोटी अर्धं अर्धं पोर आलं. एक डोळा, एक हात, एक पाय. दायांनी ते कापडात गुंडाळून बाहेर टाकलं. मग जरा नावाची राक्षसीण आली, नेताना सोपं जावं म्हणून तिनं दोन तुकडे एकाला एक लावले आणि पोर रडायला लागलं. राण्या धावत बाहेर आल्या आणि दोघींनाही पान्हा फुटला, हे सांगताना तुमचा आवाज खाली यायचा. जरेनं पोर खाल्लं नाही, राजाला नेऊन दिलं आणि राजानं तिच्या नावानं उत्सव लावून दिला. “हा गूळ त्या उत्सवाचा,” तुम्ही म्हणायचात आणि पहिला खडा देवळाच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्या बाईला द्यायचात. ती कशेळ्याच्या वरच्या वाडीतून एवढ्याच दिवसासाठी खाली उतरायची. आई आणि बाय तिला बसायला आपली घोंगडी द्यायच्या. ती कोण हे मला फार उशिरा कळलं. तीच ती सुईण.

माझ्या जन्माचं मला कळलं ते खळ्यावर. मी सतरा-अठराचा असेन, झोडणी चालली होती, आणि शेजारचा एक जण पेंढ्यांच्या राशीवरून ओरडला, “ए जरासंधा, हिकडचा पेंढा उचल.” सगळे हसले. मीही हसलो, कारण कशाला हसायचं ते कळलं नव्हतं. मग कुणीतरी दोन आयांचं आणि जांभळीचं सांगितलं, सांगणाऱ्याला वाटलं मला माहीत असेलच. मी तसाच घरी आलो. तुम्ही ओटीवर कोयत्याला धार लावत होता. मी विचारलं. तुम्ही धार लावायचे थांबला नाहीत. “दोघींचं दूध प्यालास. आता काय पायजे?” मी म्हटलं, खरं काय ते पायजे. तुम्ही कोयत्याची धार बोटावर पाहिलीत आणि पुन्हा दगडावर धरलीत. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

त्या दिवसापासून माझे डोळे बदलले. मी देवाचं करणारा माणूस आहे, रोज संध्याकाळी मारुतीला दिवा लावतो, पण घरात मी पोलिसासारखा वावरलो. आईच्या कानाची पाळी माझ्यासारखी चिकटलेली आहे, म्हणून ती. बायच्या पायाची करंगळी माझ्यासारखी आत वळलेली आहे, म्हणून ती. पण त्या चुलतबहिणी, आईचीही करंगळी थोडी वळलेलीच. मला ताप आला तर एक उशाशी बसायची, एक पायथ्याशी, आणि मी डोळे मिटून ओळखायचा प्रयत्न करायचो की कुणाचा हात जास्त थरथरतो. थोड्या वेळानं त्या जागा बदलायच्या. मला तेही संशयाचं वाटायचं. जड हंडा दोघींनी उचलावा तशा त्या मला उचलत होत्या, कुणाच्या बाजूला कलू नये म्हणून एकमेकींकडे बघत बघत. जास्त माया कोण करतं यावरून कळेल असं मला वाटलं होतं. पण माया दाखवायची वेळ आली की एक जण दुसरीला पुढे करायची. माझ्या हळदीला पहिला हात कुणी लावायचा यावरून दोघी दारात अडून राहिल्या. “तू लाव.” “नाय, तू थोरली.” “तू लाव गं, माजे हात थंड हायत.” शेवटी वैतागून माझ्या सासूनं लावला.

आखाजीला पितरांना पाणी देतात, त्याच्या आदल्या दिवशी त्या दोघी जांभळीखाली जायच्या. एकदा मी बांधाच्या पलीकडे करवंदीच्या जाळीआड बसून राहिलो. जिचं पोर तिथे आहे ती रडेल, दुसरी तिला धरेल, एवढं तरी दिसेल असं मला वाटलं. कुणी रडलं नाही. दोघींनी त्या दगडाभोवतीचं गवत उपटलं. बाय म्हणाली यंदा मुंग्या फार झाल्यात. आईनं तांब्यातलं पाणी ओतलं, बायनं फुलं ठेवली, आणि मग भाताच्या बियाण्याचं बोलत बोलत दोघी परत गेल्या. पुढच्या वर्षी तांब्या बायच्या हातात होता आणि फुलं आईच्या.

पोथीतला जरासंध पुढे मोठा होतो, आणि तुम्ही कधी त्याला भला म्हटलं नाहीत. राजांना पकडून कोंडणारा, त्यांचा बळी द्यायला निघालेला. पण त्याचं कृष्णाशी वैर कुठून आलं हे सांगताना तुम्ही घाई करत नव्हता. त्यानं आपल्या दोन मुली कंसाला दिल्या होत्या. इथेही दोन, असं तुम्ही हळूच म्हणायचात. कृष्णानं कंस मारला आणि दोघी एकदम विधवा होऊन बापाच्या दारात आल्या. त्या दोन पोरींकडे बघून बाप मथुरेवर चालून गेला. हरला, पुन्हा गेला. पुन्हा हरला, पुन्हा गेला. शेवटी कृष्णालाच मथुरा सोडून समुद्राकाठी जावं लागलं. मग खूप वर्षांनी कृष्ण, भीम आणि अर्जुन ब्राह्मणाचा वेष घेऊन त्याच्या नगरात शिरले, सरळ वेशीतून न जाता. जरासंधाला त्यांच्या हातावरचे धनुष्याच्या दोरीचे घट्टे दिसले. त्याला संशय आला, तरी त्यानं त्यांना पाहुण्यासारखं बसवलं. हे तुम्ही दोनदा सांगायचात. संशय आला, तरी बसवलं.

वधाच्या दिवशी मात्र तुमचं वागणं मला कधी समजलं नाही. जन्माच्या दिवशी आई आणि बाय अगदी पुढे बसलेल्या असायच्या. वधाच्या दिवशी तुम्ही दोघींना काहीतरी काम काढून द्यायचात. डोंगरउतारावरच्या वरकसात नाचणीचं तण बेणायचं, नाहीतर पोशीरला कुणाची तरी चौकशी. एकही वर्ष चुकलं नाही. त्यांना तो अध्याय ऐकू द्यायचा नव्हता तुम्हाला. मी पुरुषांच्या मागच्या ओळीत बसून तुमच्याकडे बघत राहायचो. भीम त्याला उभा फाडतो, तुकडे पुन्हा जुळतात. पुन्हा फाडतो, पुन्हा जुळतात. मग कृष्ण गवताची काडी घेतो, मधोमध चिरतो आणि डावं उजवीकडे, उजवं डावीकडे टाकतो. भीम समजतो. इथे तुम्ही लोकांना विचारायचात, “त्याचा सांधा कुठं हाय ते कृष्णाला कुणी सांगितलं?” कुणीतरी म्हणायचं, देवच तो, त्याला सगळं ठाऊक. “मग इतके दिस भीमाला दमवला कशाला? आधीच काडी चिरायची.” आणि तुम्ही म्हणायचात, “कुणीतरी सांगितलं आसंल. घरातलंच कुणीतरी.”

तुमचा शेवटचा श्रावण. त्या वर्षी तुम्ही हेच विचारलंत आणि काकांनी पोथीवरून नजर वर केली. “कृष्णाला कुणी सांगितलं ते ऱ्हाऊ दे रं. तुज्या घरचं कवा सांगतोस?” पायरीवरचं कुत्रं कान खाजवत होतं तेवढाच आवाज. मी मागून उठून उभा राहिलो होतो, मला वाटलं आता काहीतरी होईल. खरं सांगायचं तर मला वाटलं आता तुम्ही बोलाल, आणि तुमचा अपमान झाला याचं दुःख व्हायच्या आधी मला ती आशा झाली. तुम्ही मान वर केलीत. काकांकडे नाही, माझ्याकडे बघितलंत. मग म्हणालात, “पुढची ओवी वाच.” काकांनी वाचली. त्यांचा आवाज फुटत होता. तुम्ही अध्याय संपेपर्यंत अर्थ सांगितलात, काही सोडलं नाहीत. दिवाळीच्या आधी तुम्ही गेलात. पहिला खांदा काकांनी दिला आणि त्यानंतर त्यांनी पोथी कधी उघडली नाही.

तुम्ही गेल्यावर वर्षभरानं मी सुइणीकडे गेलो. भिवपुरीच्या वीजघरात तेव्हा मी नुकताच कायम झालो होतो, सुट्टी मिळाली, कशेळ्यापर्यंत गाडीनं गेलो आणि पुढे चढण चढून तिच्या झोपडीशी. ती दारात तंबाखू मळत बसली होती. “आलास? मला वाटलं बाप मेल्या मेल्या येशील. वरीस लावलंस.” मी म्हटलं, मावशी, एकच गोष्ट विचारायची हाय. “एकच आसंल. दुसरी काय असणार?” मग ती हसायला लागली, दात नव्हते, हसणं बराच वेळ चाललं. “तुज्या बापानं मला लुगडं दिलं, बोलू नको म्हणून. मंग थोरली आली एकटीच, तिनंबी लुगडं दिलं. मंग धाकटी आली. तिनंबी. तिन्ही लुगडी नेसून इरली. आता तुला सांगितलं तर ती परत कुठून आणू रं मी?” मी उठलो. तिनं माझा हात धरून खाली बसवलं आणि या वेळी ती हसत नव्हती. “दोघी येगळ्या येगळ्या आल्या. एकीला दुसरीचं ठाऊक नाय. एवढाच इचार कर आन घरी जा.”

मी विचार केला. जी माझी आई नव्हती तिनं बोलू नको म्हणणं समजतं. तिला मी हवा होतो. पण जी होती तीही लुगडं घेऊन त्या चढणीवर गेली, आपल्याला कुणी आई म्हणू नये म्हणून. हे मला पटायला हवं होतं. पण माझा स्वभाव असा, की उतरताना निम्म्या वाटेत मला वाटलं, म्हातारीनं तीन लुगडी मला फसवण्यासाठीच रचली असतील. तुम्हीच तिला तसं शिकवून ठेवलं असेल. ती पुढच्याच पावसाळ्यात गेली आणि ते दार बंद झालं.

आई गेली तेव्हा दहाव्याला नदीवर भटजींनी मला पिंड हातात धरायला सांगितला आणि अगदी साधेपणानं विचारलं, “माता म्हणायचं की सापत्नमाता?” त्यांना तसं विचारावंच लागतं, मंत्रात दोन्ही वेगळे असतात. ते परगावचे होते, त्यांना आपल्या घरचं काही माहीत नव्हतं. मी हातातला पिंड नुसता सावरत राहिलो. मागे काका, भावकी, सगळे उभे. सगळ्यांनाच ऐकायचं होतं. बाय घाटाच्या पायऱ्यांवर बसली होती, बायका सहसा येत नाहीत तरी आली होती. ती तिथूनच म्हणाली, “आय हाय ती त्याची. आयच म्हना.” भटजींनी म्हटलं. लोकांनी एकमेकांकडे बघितलं, चला, कळलं एकदाचं. मला मात्र कळलं नाही. खरं सांगत होती म्हणून बोलली, की स्वतःचं होतं ते मेलेल्या बहिणीला देऊन टाकत होती? मी तिच्या तोंडाकडे बघितलं. तिनं पदर ओढून घेतला.

तेराव्यानंतर तिनं आपलं गाठोडं बांधलं. माझं आता हितं काय काम, म्हणाली, भाच्याकडे जाते खालापूरला. मी अडवलं नाही. मनात म्हटलं, खरी आई असती तर गेली असती का? आणि लगेच म्हटलं, खरी आई नसती तर एवढी वर्षं राहिली असती का? दोन्ही बाजूंनी सारखंच वजन. वर्षातून एकदोनदा मी नवे तांदूळ घेऊन जायचो, ती माझ्या मुलांची विचारपूस करायची, मी निघायचो.

आठवड्यापूर्वी तिचा भाचा आला. खोपोलीला कारखान्यात आहे, सरळ माणूस. ओटीवर बसला, पाणी प्यायला, आणि म्हणाला, “भाऊ, आत्याला आता दिसत नाय. परवा न्हाणीत पडली. मी ठेवायला ना म्हणत नाय. पण तुमी तिचं पोर असाल तर ती आमच्या दारात जाणं बरं दिसत नाय. नसाल तर ती आमची हाय, आमी सगळं करू. काय ते एकदा सांगा. उद्या भटजी मलापण विचारंल.” मला पहिला विचार काय आला माहीत आहे? की तिनंच त्याला पाठवलं, मला जोखायला. त्याला म्हटलं, आठ दिवसांनी सांगतो.

ते दिवस मी फक्त तुमच्या त्या नजरेचा विचार केला. घरातलंच कुणीतरी, असं म्हणताना दरवर्षी तुम्ही मागच्या ओळीकडे बघायचात. मला वाटायचं तुम्हाला माझी दया येते. आबा, तुम्हाला माझा संशय होता. मी तुमच्यावर पाळत ठेवून होतो आणि तुम्ही माझ्यावर. सांधा कुठे आहे ते जर कुणी हुडकून काढणार असेल तर तो मीच, हे तुम्हाला खळ्यावरच्या त्या दिवसापासून ठाऊक होतं. कळलं असतं तर एक आई माझी झाली असती आणि दुसरी जांभळीखालची. त्या दोघींना एका घरात, एका चुलीवर, तसं राहता आलं नसतं. हे मला परवा बाज विणताना दिसलं. तुमचा विचार हाच होता, असं मी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही. तुम्ही कधी काही सांगितलं नाहीत, तेव्हा हाही माझा संशयच.

काल मी गावातल्या एकाचा टेंपो घेतला, मागे गवत आणि गोधडी अंथरली आणि कर्जतवरून खालापूरला गेलो. भाचा दारात उभा होता. “काय ठरलं भाऊ?” मी म्हटलं, “बायला न्यायला आलोय.” तो वाट बघत राहिला, पुढे काही बोलेन म्हणून. मी तिचं गाठोडं उचललं. बाय भिंतीला धरून बाहेर आली, तिनं हवेत हात पुढे केला, माझ्या दंडाला लागला तशी म्हणाली, “वाळलास रं.” वाटेत ती माझ्याशेजारी गवतावर टेकून बसली. पळसदरीच्या पुढे रस्ता खराब आहे, मी तिला धरून होतो. आम्ही दोघंच होतो, टेंपोचा आवाज एवढा की पुढे कुणाला ऐकू गेलं नसतं. विचारायला याहून चांगली जागा मिळणार नव्हती आणि तिलाही ते कळत असावं, कारण ती बोलायची थांबली होती. मी तिला विचारलं, तहान लागली का. ती म्हणाली, लागली. तांब्या दिला.

घरी ओटीवर बाज टाकून ठेवली होती. तिला बसवलं. तिनं चौकटीवरून हात फिरवला, बाजेच्या पायाच्या टोकावरची ती जुनी चीर तिच्या बोटाला लागली. “ही तिची बाज.” मी हो म्हटलं, नव्यानं विणली. मग ती बराच वेळ सुंभावरून तळहात फिरवत राहिली, या कडेपासून त्या कडेपर्यंत, आंधळं माणूस फिरवतं तसा. “सांधा लागत नाय कुठं.”

“खालच्या अंगाला हाय,” मी म्हटलं.

“त्यानं शिकवलं व्हतं तुला,” ती म्हणाली आणि आडवी झाली.

आज दुपारी ती तिथेच निजली आहे आणि मी उंबऱ्यात बसून हे लिहितो आहे. हे कुठे टाकायचं नाही, टाकायला जागाही नाही. भाच्याला उत्तर गेलं. भटजींना जेव्हा सांगायची वेळ येईल तेव्हा जे आईच्या वेळी म्हटलं तेच म्हणायला सांगेन, कुणी पायऱ्यांवरून बोलायची गरज पडणार नाही. एवढं मी केलं आहे. पण तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू? मघाशी तिला गाढ झोप लागल्यावर मी पायथ्याशी गेलो, वाकून तिच्या करंगळीकडे बघितलं. मग गोधडी ओढून पाय झाकले.